सगळं झालं, आता कशासाठी?

पत्र, थोडक्यात: मी ४६ वर्षांची. विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम गेली २१ वर्षं करते. घराचं कर्ज मागच्या वर्षी फिटलं, मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली. नवरा चांगला आहे, कशाचीच तक्रार नाही. तरीही रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न येतो, कशासाठी? पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली, पाच दिवसांच्या शिबिरालाही जाऊन आले. तिथे 'आपल्या जीवनाचा हेतू एका वाक्यात लिहा' असं सांगितलं. सगळ्यांनी लिहिलं, माझा कागद कोरा राहिला. नवरा म्हणतो, फार विचार करतेस. मध्यंतरी शेजारच्या आजोबांचा दुसऱ्या एका कंपनीने नाकारलेला दावा दोन संध्याकाळी बसून नीट मांडून दिला, तो मंजूर झाला. पण त्यात काय, ते माझं रोजचंच काम. शंभर वर्षांनी कोण कुणाला आठवणार आहे? मला माझ्या आयुष्याचा अर्थ कसा सापडेल?

प्रिय ताई,

कोऱ्या कागदाचं वाईट वाटून घेऊ नका. एका वाक्यात हेतू लिहायला सांगणं हाच उलटा क्रम आहे. माणसाला काय मोलाचं वाटतं ते आधी त्याच्या वागण्यात उमटतं, वाक्य मागाहून येतं, आणि पुष्कळांच्या बाबतीत येतही नाही. त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

मात्र अर्थाकडे वळण्याआधी शरीराची आणि मनाची तपासणी करून घ्या. हे टाळू नका, कारण हा टप्पा गाळल्यामुळे पुष्कळ लोक वर्षानुवर्षं पुस्तकांत उत्तर शोधत बसतात. नैराश्य हा आजार बरेचदा तत्त्वज्ञानाच्या प्रश्नासारखा दिसतो. डॉक्टर नऊ गोष्टी पाहतात: मन उदास असणं, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी किंवा दोषी आहोत असं वाटणं, हालचाली मंदावणं किंवा उलट एका जागी बसवेनासं होणं, आणि मरणाचे विचार. यातल्या पाच किंवा अधिक गोष्टी सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग असतील आणि पहिल्या दोनपैकी निदान एक त्यांत असेल, तर तो उपचाराचा विषय आहे. उपचाराने तो बहुतेकदा बरा होतो. सकाळी उठल्याबरोबर सगळ्यांत जास्त जड वाटणं आणि दिवस चढेल तसं हलकं होत जाणं, ही खूणही डॉक्टरांना आवर्जून सांगा. तुमच्या पत्रात सकाळचाच उल्लेख आहे, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

तुमच्या वयात आणखी काही कारणं असू शकतात. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत झोप आणि मनःस्थिती दोन्ही हेलकावे खातात. थायरॉईड मंदावणं, हिमोग्लोबिन कमी असणं, बी१२ची कमतरता यांतही माणूस निरिच्छ होतो. एकदाच रक्त देऊन या तिन्हींच्या तपासण्या होतात.

आणि एक प्रश्न स्पष्टच विचारतो. 'कशासाठी' या प्रश्नाच्या मागे 'मी नसले तर बरं' असा विचार येतो का? येत असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेवा, आजच नवऱ्याला किंवा जवळच्या माणसाला तसं सांगा आणि डॉक्टरांकडे जा. विचार फार वाढला तर थेट तातडीच्या विभागात जा किंवा हेल्पलाइनला फोन करा. बाकी सगळं नंतर.

तपासणीत काही निघालं नाही, किंवा जे निघालं त्यावर उपचार सुरू झाले, असं धरून पुढे लिहितो.

'आयुष्याचा अर्थ' या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. मानसशास्त्रात त्यांचा विचार आता वेगवेगळा केला जातो. पहिला संगतीचा: माझ्या आयुष्यात जे घडलं त्याचा काही मेळ लागतो का, की नुसताच गोंधळ आहे? दुसरा दिशेचा: पुढे कशाकडे निघाले आहे? तिसरा मोलाचा: मी असण्याने कुणाला, कशाला फरक पडतो का? ज्याचं जवळचं माणूस अचानक गेलं, त्याची संगती तुटते. नुकत्याच निवृत्त झालेल्याची दिशा जाते. ज्याच्या कामाकडे कुणी वळूनही बघत नाही, त्याचं मोल हरवतं. तिघेही 'अर्थ हरवला' असंच म्हणतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमची पुस्तकं आणि व्याख्यानं बहुधा संगतीबद्दल बोलत होती. तुमच्या पत्रात ती अडचण दिसत नाही. २१ वर्षं काय केलं आणि का केलं, हे तुम्हाला नीट ठाऊक आहे. कमी पडली आहे ती दिशा, आणि काही प्रमाणात मोल.

दिशा का गेली, तेही तुमच्याच पत्रात आहे. कर्ज फेडणं आणि मुलीला मोठं करणं ही तुमची दोन ध्येयं होती. ध्येयाचा स्वभावच असा की ते पुरं झालं की संपतं. कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्यावर ते ध्येय आनंदही देत नाही आणि त्रासही देत नाही, ते नाहीसंच होतं. दिशा मात्र संपत नाही. 'घराचं कर्ज फेडायचं' हे ध्येय होतं, 'माझ्या माणसांच्या डोक्यावरचं ओझं हलकं करायचं' ही त्यामागची दिशा. वीस वर्षं दोन्ही एकत्र चालली, त्यामुळे ती वेगळी आहेत हे कळायला वावच नव्हता. ध्येय संपलं आणि दिशाही त्याच्यासोबत गेली असं वाटू लागलं. ती गेलेली नाही, तिला सध्या करायला काम नाही. म्हणून घाईघाईने नवं ध्येय ठरवू नका, मग ती पदवी असो, जागा बदलणं असो की नोकरी सोडणं. तीन वर्षांनी तेही पुरं होईल आणि हाच प्रश्न पुन्हा पुढ्यात येईल.

शंभर वर्षांनी कोण आठवणार, याबद्दल. हा प्रश्न फार खोल वाटतो, पण त्यात एक साधी चूक आहे आणि ती थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७१ साली दाखवून दिली. आज आपण करतो त्याला लाखो वर्षांनी काही महत्त्व उरणार नसेल, तर त्याच न्यायाने लाखो वर्षांनंतरच्या त्या स्थितीलाही आज काही महत्त्व नाही. दूरच्या काळाला आजच्या दिवसाचा न्याय करायचा अधिकार दिला कुणी? आजोबांचा दावा मंजूर झाला त्या दिवशी त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. ती गोष्ट त्या दिवशी पूर्ण खरी होती, शंभर वर्षांनंतरच्या कुणी तिच्यावर शिक्का मारायची गरज नाही.

आता करायचं काय? एक वही घ्या आणि चौदा दिवस नोंद ठेवा. शोधाचा पाया म्हणजे ही वहीच, म्हणून ती कशी भरायची ते जरा सविस्तर सांगतो.

पानावर चार रकाने पाडा: वेळ, काय केलं आणि कुणाबरोबर, आनंद, मोल. शेवटच्या दोन रकान्यांत शून्य ते दहा गुण. आनंद म्हणजे तो वेळ किती सुखाचा गेला. मोल म्हणजे तो वेळ घालवणं किती सार्थ वाटलं. हे दोन रकाने वेगळे ठेवण्यातच सगळी मेख आहे, कारण आनंद आणि मोल नेहमी बरोबर जात नाहीत. तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी जागून काढलेली रात्र घ्या: आनंद १, मोल १०. मोबाईलवर व्हिडिओ बघत गेलेला तास: आनंद ६, मोल १. ज्याची वही दुसऱ्या प्रकारच्या तासांनी भरलेली असते, त्याला 'सगळं बरं चाललंय, पण रितं वाटतं' असं वाटणारच.

नोंद दिवसातून तीनदा करा: दुपारच्या जेवणाच्या सुमारास, कामावरून निघताना आणि झोपण्याआधी. प्रत्येक वेळी मधल्या तासांचे तीन-चार तुकडे लिहायचे, मिनिटाचा हिशोब नको. 'ऑफिस, ९ ते ५' असं मात्र लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. '११ ते १२, नाकारलेल्या दाव्यांच्या फायली, एकटी, आनंद ३, मोल २. १२ ते १२.२०, नव्या मुलीला एक गुंतागुंतीची फाइल समजावली, आनंद ६, मोल ८.' एवढं बारीक हवं.

यात तीन चुका हमखास होतात. एक, दिवसभराचं सगळं रात्री बसून लिहिणं. तोवर दिवसातला सगळ्यांत वाईट क्षण आणि शेवटचा तास एवढंच आठवतं, आणि सगळ्या दिवसाला त्याचाच रंग चढतो. दुसरी, जे वाटायला हवं ते लिहिणं. घरच्यांसोबतचा वेळ म्हणजे मोल ९ असायलाच हवं, असं मनाशी धरून माणूस ९ टाकतो. प्रत्यक्षात सगळे आपापल्या मोबाईलमध्ये होते आणि खरा आकडा ३ होता. वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून खरं लिहा. तिसरी, चार दिवसांत कंटाळून सोडणं. चार दिवसांत निदान एक दिवस विचित्र जातो. चौदा दिवसांत दोन्ही सुट्ट्या आणि दोन पूर्ण कामाचे आठवडे येतात, तेव्हा कुठे नक्षी दिसते.

पंधराव्या दिवशी मोल ७ किंवा जास्त असलेल्या सगळ्या ओळींखाली रेघ मारा. त्या पाच निघोत की पंचवीस, फरक पडत नाही. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: माझं कुठलं कसब वापरलं गेलं? ते कुणाच्या कामी आलं? नेमकं काय बदललं? उत्तरं थोडक्यात शेजारी लिहा. दोन-तीन शब्द पुन्हा पुन्हा येताना दिसतील. दिशा त्या शब्दांत असते.

तुमच्या पत्रातला आजोबांचा दावा आम्हाला अशीच एक ओळ वाटतो. 'त्यात काय, ते माझं रोजचंच काम' असं लिहून तुम्ही तो झटकून टाकलात, पण दोन पानांच्या पत्रात तुम्ही काहीतरी करून कुणाचं काही सुटलं, असा प्रसंग तेवढा एकच आहे. जे आपल्याला सहज जमतं त्याला आपण किंमत देत नाही, कारण त्यात कष्ट जाणवत नाहीत. आजोबांना तो कागद म्हणजे अगम्य भाषा होती. तरी एका ओळीवरून दिशा ठरवू नका, ती फक्त तपासायला घ्यायची शक्यता आहे. वहीत दुसरंच काही निघालं तर वहीचं ऐका, आमचं नको.

शक्यता मिळाली की प्रयोग. आठवड्याला दोन तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ, सहा आठवडे. म्हणजे एकूण बारा तास. यापेक्षा मोठी सुरुवात करू नका. लोक इथेच मार खातात: नोकरी सोडतात, संस्था काढतात, आणि तिसऱ्या महिन्यात कळतं की आवडत होती ती कल्पना, काम नव्हे. बारा तासांत हे कळलं तर फारसं काही गमावलेलं नसतं. एका वेळी एकच प्रयोग करा. तीन सुरू केलेत तर कशामुळे काय झालं ते सांगता येणार नाही.

दाव्यांचंच उदाहरण पुढे नेतो. शनिवारी सकाळी दहा ते बारा, एखाद्या वाचनालयात किंवा ज्येष्ठांच्या मंडळात बसायचं आणि नाकारलेल्या दाव्याचा कागद लोकांना समजावून सांगायचा. एका सकाळी दोनच माणसं. फक्त कागद वाचणं, कारण समजावणं आणि पत्राचा मसुदा लिहून देणं. कार्यालयांत खेटे घालणं, फोन करणं हे नाही. ही मर्यादा पहिल्याच दिवशी तोंडाने सांगा, नाहीतर चौथ्या आठवड्यात तुमचा फोन वाजायचा थांबणार नाही आणि चांगलं काम नकोसं होईल. आणखी एक महत्त्वाचं: तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या दाव्यांना हात लावू नका, आणि इतर कंपन्यांच्या बाबतीतही नोकरीच्या करारातले नियम आधी वाचून लेखी परवानगी लागते का ते पाहा. आजोबांना मदत केलीत तेव्हा ती एका शेजाऱ्याला केलेली मदत होती, दर शनिवारी बसणं ही वेगळी गोष्ट आहे.

प्रयोग चालू असताना 'आता अर्थ वाटतोय का?' असं रोज चाचपून बघू नका. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल १८२६ साली, विशीतच, अशा पोकळीत सापडला होता. जगात हव्या त्या सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या तर तू सुखी होशील का, असं त्याने स्वतःला विचारलं आणि आतून उत्तर आलं, नाही. हळूहळू त्यातून बाहेर पडल्यावर त्याने जे टिपून ठेवलं ते आजही उपयोगी पडतं: सुखाकडेच नजर लावून बसणाऱ्याला ते मिळत नाही, नजर दुसऱ्या एखाद्या गोष्टीवर असणाऱ्याला ते वाटेत भेटतं. म्हणून तपासणी फक्त सहाव्या आठवड्याच्या शेवटी, आणि तीन गोष्टींची. त्या बारा तासांचं सरासरी मोल तुमच्या बाकीच्या आठवड्यापेक्षा किमान दोन गुणांनी जास्त आहे का? मधल्या वारी, कुणी आठवण न करता, त्या कामाचा विचार मनात आला का, 'त्या बाईंच्या पत्रात ती तारीख घालायला हवी होती' अशा प्रकारचा? आणि एखाद्या खऱ्या माणसाचं एखादं खरं काम झालं का? दोन गोष्टींना होकार असेल तर आणखी तीन महिने चालू ठेवा. नसेल तर सगळं फेकून देऊ नका, एकच घटक बदला. कसब तेच, माणसं बदला: ज्येष्ठांऐवजी नव्याने नोकरीला लागलेली मुलं. किंवा माणसं तीच, कसब बदला. मग पुन्हा सहा आठवडे.

आता नोकरीबद्दल, कारण दिवसाचे आठ तास तिथे जातात. तुम्ही फाइल पाहता, माणूस कधीच दिसत नाही. हे मोल आटण्याचं मोठं कारण असतं. मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांची, त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घालून दिली. महिन्याभराने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून जास्त झालं होतं. काम तेच, पगार तोच, फक्त पलीकडचा माणूस दिसला. तुम्हीही महिन्यातून एकदा मंजूर केलेला एक दावा निवडा आणि त्या पैशाने पुढे काय झालं हे नियमात बसेल तेवढं जाणून घ्या. नव्या लोकांना शिकवायचं काम वरिष्ठांकडे मागून घ्या. आठवड्यातले दोन तास तरी तुम्हाला मोलाच्या कामाकडे वळवता येतात का, हे वहीतल्या आकड्यांवरून ठरवा.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावण्यांतून वाचून आले आणि १९४६ साली त्यांनी त्या अनुभवावर लिहिलं. अर्थाकडे जाणाऱ्या वाटा त्यांनी तीन सांगितल्या: काही निर्माण करणं किंवा काम, काही अनुभवणं किंवा कुणावर प्रेम करणं, आणि जे टाळता येत नाही त्या दुःखाला सामोरं जाण्याची रीत. वर आम्ही बहुतांशी पहिल्या वाटेचं लिहिलं, कारण तुमची अडचण तिथे दिसते. दुसरी वाट दुर्लक्षित ठेवू नका. मुलगी गेल्यावर घरात उरलेली दोन माणसं एकमेकांशी कशाबद्दल बोलतात, हे वहीत आपोआप उतरेल. तिसऱ्या वाटेबद्दल मात्र सावध राहा. टाळता येण्यासारखं दुःख अर्थाच्या नावाखाली सोसत राहणं फ्रँकल यांनाही मान्य नव्हतं. नकोशा झालेल्या गोष्टीतच अर्थ शोधा, असं कुणी शिबिरात सांगितलं असेल तर ते विसरा.

नवऱ्याचं 'फार विचार करतेस' हे वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतं. शोध घ्यावासा वाटणं हा दोष नाही. अर्थ असल्याची जाणीव आणि अर्थाचा शोध या दोन गोष्टी मानसशास्त्रज्ञ वेगवेगळ्या मोजतात. जाणीव भरपूर असूनही शोध चालू असलेली माणसं असतात आणि ती ठीक असतात. त्रास होतो तो जाणीव कमी आणि शोध फक्त डोक्यात चालू असतो तेव्हा, म्हणून शोध हातांकडे वळवायचा. नवऱ्याला मोठा प्रश्न विचारू नका, बहुतेक माणसं 'आयुष्याचा अर्थ काय' या प्रश्नाला घाबरून उपदेश करतात. लहान मागणी करा: 'पुढचे सहा शनिवार सकाळी दोन तास मी नसेन, घरचं तू बघ.' याला हो म्हणणं सोपं आहे.

वही कामाच्या दिवशी सुरू करा, सुट्टीच्या नको, कारण सुट्टीचे तास मोकळे असतात आणि पहिलंच पान अर्धवट राहतं. रक्ततपासणीची वेळ ठरवलीत की त्याच दिवशी पहिलं पान आखा. सकाळी डोळे उघडल्यावर येणारा तो प्रश्नही नोंदीत घ्या: तो किती वाजता आला, किती वेळ राहिला आणि कशाने मागे पडला. 'कशाने' याचं उत्तर चौदा दिवसांत किती वेळा तेच येतं ते मोजा, आणि तो आकडा डॉक्टरांनाही दाखवा.